उशीर कुणाचा

आधी रायरांचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. रायर हेही तसं त्यांचं नाव नव्हे. कुंभकोणमला जुन्या मराठी घरातल्या माणसाला सगळे रायर म्हणतात, म्हणजे आपलं रावच. आणि रावांना तिथं काही तोटा नाही. खरं नाव मला माहीत आहे. पण त्यांनी बजावलं होतं, "माझें नांव कुठें लिहूं नको. लोक टीव्ही उचलूनु घरीं येतील." म्हणून लिहीत नाही. मी नववीतून शाळा सोडलेली बाई. आज एखादा बोर्ड समोर आला तर त्यातली कुठली तार कुठून निघते आणि कुठं जाते हे मला वाचता येतं, ते रायरांनी शिकवलं म्हणून. हे पहिल्यांदाच सांगून ठेवते, कारण पुढं बोलण्याच्या भरात मी त्यांची चेष्टा करणार आहे, आणि कुणाला वाटायला नको की ही बाई उपकार विसरली.

माझा नवरा गलाईवाला. आमच्या आटपाडीकडची अर्धी माणसं देशभर सोनं गाळायला पांगलेली असतात, तसे आम्ही कुंभकोणमला आलो. मेलकावेरी भागात एक खोली घेतली. नवरा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मला तमिळ येत नव्हतं. दुधवाल्याची हाक आली तरी मी दार लोटून घ्यायचे. दीड महिना मी खिडकीतून रस्ता बघितला आणि मग एक दिवस ठरवलं, की असं बसून राहिले तर मी मुकी होईन. शेजारणीकडून एकच वाक्य पाठ करून घेतलं, 'वेलै इरुक्का', म्हणजे काम आहे का. सकाळभर ते घोकलं आणि बाहेर पडले.

बाजाराच्या वाटेवर एक अरुंद दुकान होतं. पुढून मागपर्यंत टीव्ही, आणि मध्ये बोळ असावा तसा रस्ता. त्या बोळाच्या टोकाला एक वाळकुडा म्हातारा, कपाळावर गोपीचंदन, डोळ्यावर दोन चष्मे एकावर एक. मी घोकलेलं वाक्य बोलले. पण जीभ आटपाडीची. तोंडातून आलं, "वेळ इरुक्का?"

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "वेळ उदंड आहे. काम नाहीं."

मला कळायला थोडा वेळ लागला की हे मराठी आहे. कळलं तशी मी तिथंच पायरीवर बसले. दीड महिन्यात नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून 'आहे' हा शब्द ऐकला नव्हता. डोळ्याला धार लागली.

आतून आवाज आला, "रडायचें असेल तर आंत येऊनु रड. बाहेर बसलीस तर गिऱ्हाईक समजेल, तुझा टीव्ही मींच बिघडविला."

मी आत गेले ती गेलेच.

त्यांना काका म्हणायला लागले तर म्हणाले, "मामा म्हण. इथें काका म्हणजे कावळा." पण माझ्या तोंडात काकाच बसलं. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातले कारागीर मी हाक मारली की हळूच "का, का" करायचे. रायर मान न वळवता म्हणायचे, "ओरडा, ओरडा. पितरांना घास मिळेल."

त्यांच्या मराठीला मी हसायचे आणि माझ्या मराठीला ते. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी आले, तेव्हा जी भाषा गाठोड्यात बांधून आणली तीच घरात चालू. आम्ही नाही, 'अम्मी'. जाऊन नाही, 'जाऊनु'. मी म्हटलं, "काका, तुमचं मराठी पोथीतलं आहे." तर म्हणाले, "तुझें कढईंतलें. सगळें तळूनु काढलेलें. टेन्शन म्हणे, मस्त म्हणे."

दुकानावर पाटी टीव्ही दुरुस्तीची असली तरी टीव्ही आता कोण दुरुस्त करतं? पडदा गेला की नवा आणतात. रायरांकडे यायचे ते टीव्ही गेमवाले. चेन्नई-बंगळूरला नोकरी करणारा माणूस सुट्टीला घरी येतो, माळा आवरतो, तिथं लहानपणचा गेम सापडतो. कॅसेट फुंकून बघतो, खूश होतो. मग कळतं की नव्या टीव्हीला ती पिवळी पिन घालायला भोकच नाही. कुठून तरी पाच मिनिटांत जोडून देणारी पांढरी डबी मागवतो. चित्र येतं, पण कसं? पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं. मग कुणीतरी सांगतं, रायरांकडे जा.

रायर आल्या माणसाला दोनच प्रश्न विचारायचे. काय दिसतंय, आणि काय दिसायला पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाला जो "काही नाही, चित्र आलं की झालं" म्हणेल त्याचा गेम ते परत त्याच्या हातात द्यायचे. "ज्याला काय पाहिजे तें ठाऊक नाहीं, त्याला द्यायला माझ्याजवळ कांहीं नाहीं." कितीतरी गिऱ्हाइकं अशी घालवली. मी मागून बोटं मोडायचे.

पिवळ्या पिनेवर त्यांचा विशेष राग. गेमच्या आत लाल, हिरवा, निळा हे तीन रंग वेगवेगळे तयार होतात. मोठ्या सोळा बिटच्या गेममध्ये तर ते मागच्या गोल सॉकेटपर्यंत वेगवेगळे येऊन उभेही असतात. पण डब्यात आलेली तार पिवळी, तर लोकांनी तीस वर्षं तीच वापरली, आणि त्या एका तारेत तिन्ही रंग कोंबले जातात. रायर गिऱ्हाइकाला समजावायचे, "सांबार, रसम आणि ताक एकाच डब्यांत भरूनु घरीं न्यायचें, आणि मग बायकोला म्हणायचें, तुझ्या हाताला चव नाहीं."

ही खोड दुकानापुरती असती तर ठीक. कुठलाही टीव्ही दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. लोकांना भडक रंग आवडतात म्हणून कंपन्या टीव्ही भडक करूनच पाठवतात, आणि रायरांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. एका खानावळीत जेवता जेवता उठून त्यांनी रिमोट घेतला आणि बातम्या देणाऱ्या बाईचा केशरी चेहरा माणसाच्या रंगावर आणला. मालक ओरडला, "रायरे, टीव्ही आजारी दिसतोय!" रायर म्हणाले, "आतां बरा झाला." त्या दिवसापासून तिथं त्यांना पान वाढणं बंद. लग्नाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर नवरी ताणलेली दिसत होती, तर कॉफीचा दवरा, म्हणजे ती खोलगट पितळी वाटी, पडद्यावरच्या चंदेरी गोल ताटाला लावून बघितली आणि भर मांडवात जाहीर केलं, "नवरी इतकी रुंद नाहीं. हा टीव्हीचा दोष." नवरीच्या आईनं त्यांना हात जोडले, ते आभाराचे की निरोपाचे ते मला कळलं नाही.

स्वतःजवळ फोन ठेवत नसत. एकादशीला दुकान बंद, गोविंदपुरम्‌ला भजनाला. टाळ वाजवायचे. पण एवढ्यात टाळही सुटत चालला होता, कारण हात कापायचा. आयर्न, म्हणजे जोड लावायची तापती सळई, हातात धरलं की त्याचं टोक माशीसारखं फिरायचं. मी कामाला राहिले ती त्यामुळं. पहिल्याच आठवड्यात ते एक जोड लावत होते आणि तीनदा चुकले. माझ्याच्यानं बघवेना. म्हटलं, "द्या इकडं." आमच्या घरात मी लग्नाआधीपासून मुशीजवळ बसलेली, धातू कधी वाहणार ते मला त्याच्या तकाकीवरून कळतं. कथील तर काय, सोन्यापुढं पाणीच. जोड चमकला. रायरांनी दोन्ही चष्मे काढून तो बघितला आणि एक मेलेला बोर्ड पुढं टाकला. "ह्याचे सगळे जोड काढ, आणि होते तसे परत लाव. मग बोलूं." मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी त्यांनी दुसरं स्टूल आणलं.

घरी नवरा म्हणाला, "नववी नापास, आणि बोर्ड वाचणार?"

मी म्हटलं, "नापास नाही. सोडली होती." ते वाक्य मी किती वर्षांनी बोलले कोण जाणे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

मला तमिळ कळायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट, एका मंगळवारी एक बाई आली. जवळच्या इन्नंबूर गावची, माझ्याच वयाची. पिशवीत सोळा बिटचा काळा गेम, वर टॉवेल गुंडाळलेला. तिचा थोरला भाऊ तविल वाजवणारा. तविल म्हणजे इकडच्या देवळात, लग्नात सनईसारख्या नागस्वराबरोबर वाजतो तो मोठा ढोल. डाव्या हातात काठी, उजव्या हाताच्या बोटांना कडक टोपणं घालून वाजवतात. भावाला सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि नेमका उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, हात परत येतोय, बोटं हलवत राहा. रबरी चेंडू दाबायला त्याला कंटाळा, म्हणून बहिणीनं माळ्यावरचा गेम काढला. लहानपणी दोघं खेळायची. बटणं दाबायला लागतात, तेवढाच व्यायाम.

रायरांनी विचारलं, "काय दिसतें?"

"मामा, गेममधला माणूस खड्ड्यात पडतो. दर वेळी. अण्णा बटण दाबतो, तरी उशिरा उडी मारतो आणि पडतो."

"काय दिसायला पाहिजे?"

तिनं गेमवरचा टॉवेल काढला. मग टॉवेलची घडी करत म्हणाली, "चार दिवस खेळला. मग जॉयस्टिक ठेवून दिली आणि म्हणाला, बोटं आली तरी काय उपयोग, ताल गेला. चेंडू पण सोडला. शुक्रवारी चुलतभावाला बोलावलंय, तविल घेऊन जा म्हणून. चार वाजता येणार. आजोबांचं तविल आहे, मामा. ते घरातून गेलं की हा पुन्हा हात हलवायचा नाही."

रायरांनी दोन्ही चष्मे कपाळावर सरकवले. "उशीर होतो हें खरें. पण उशीर कोणाचा, तें पाहिल्यावांचून त्यानें निकाल कसा दिला?"

बुधवारी आम्ही बसनं इन्नंबूरला गेलो. त्या आधी त्यांनी माझ्याकडून जॉयस्टिकमध्ये एक बारका दिवा बसवून घेतला होता. बटण दाबलं की त्याच क्षणी पेटणार, टीव्हीशी त्याचा संबंध नाही. भाऊ बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. अंगानं दांडगा, पण आवाज पडलेला. बहिणीनं मनधरणी केली तेव्हा त्यानं दहा-बारा वेळा बटण दाबलं. मी माझ्या फोनवर त्याचं संथ चित्रण घेतलं, दिवा आणि टीव्ही दोन्ही दिसतील असं. मग ते त्याला दाखवलं. बोट खाली, दिवा लागला. पडद्यावरचा माणूस उभाच. अजून उभाच. मग निघाला.

"पाहिलेंस, तंबी?" रायर तमिळमध्ये म्हणाले; तंबी म्हणजे धाकटा भाऊ. "दिवा तुझ्या हाताबरोबर. उशीर टीव्हीचा."

त्यानं फोन परत दिला. "रायरे, दिवा तुमचा. तुमचा दिवा तुमच्याचसारखं बोलणार." आणि मग शांतपणे, "मी वीस वर्षं वाजवलंय. चुकलेल्या माणसाची समजूत कशी काढतात, मला माहीत आहे. मीच काढलीय दुसऱ्यांची. शुक्रवारी तविल न्यायला येतायत, येऊ द्या."

परतीची बस पकडली. मी घाबरत म्हटलं, "काका, आपल्याकडचा जुना पेटीचा टीव्ही नेऊ या का? त्याच्यावर उशीर होत नाही."

"त्याच्यावर खेळला तर म्हणेल, रोग्याला पथ्याचा टीव्ही दिला. त्याच्याच घरीं, त्याच्याच टीव्हीवर आलें पाहिजे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तो टीव्ही कां उशीर करतो, सांग."

मी सांगितलं ते चुकलं. म्हणून त्यांनी मांडीवर बोटांनी ताल धरला. "भजनांत पुढचा एक ओळ म्हणतो, मागचे तीच ओळ लगेच म्हणतात. आतां एखादा शहाणा मागें बसला आणि म्हणाला, अख्खा अभंग ऐकतों, वहीत लिहितों, अक्षर नीट करतों, आणि मग म्हणतों. काय होईल? ती पांढरी डबी तसला शहाणा. अख्खें चित्र घेऊनु बसते. त्यांत तिला वाटतें, हें अर्धेंच आहे, आणखी अर्धें यायचें आहे. म्हणूनु दोन चित्रें एकांत एक गुंतवूनु पुसट करते. पुढें टीव्हीचा शहाणपणा वेगळा. आपल्याला ओळ आली कीं तीच दोनदां म्हणणारा पाहिजे. थांबणारा नको."

तसा एक बोर्ड त्यांनी बनवला होता. तळहाताएवढा हिरवा, तीन वर्षं आखत, खोडत केलेला. तीन रंग तीन तारांनी घ्यायचे, प्रत्येक ओळ दोनदा सोडायची, आणि टीव्हीच्या मागं कॉम्प्युटर जोडायचं जे निळं सॉकेट असतं त्यात सरळ घालायची. बहिणीच्या टीव्हीला ते सॉकेट आहे हे त्यांनी बुधवारीच मागं हात घालून चाचपलं होतं. गुरुवारी दिवसभर मी तारा लावल्या. गेमच्या गोल सॉकेटात बसणारी आठ काड्यांची पिन कुंभकोणमभर मिळाली नाही, तेव्हा गेम उघडून आतूनच जोड काढले. दुकानातल्या मॉनिटरवर चित्र आलं तेव्हा मी पहिल्यांदा त्या गेममधल्या विटा मोजल्या. तोवर विटा आहेत हेच माहीत नव्हतं.

शुक्रवारी अकराला आम्ही इन्नंबूरला. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला. तविल खोळ घालून दारापाशी आणून ठेवलेलं, टोपणांची डबी त्याच्यावर. बहिणीनं टीव्ही लावला. काळा पडदा, आणि वर एक ओळ: सिग्नल मर्यादेबाहेर.

मला वाटलं माझाच जोड सुटला. रायरांनी सगळं पुन्हा बघितलं. जोड शाबूत होते.

"टीव्हीला हें सॉकेट दिलें तें कॉम्प्युटरासाठीं," ते हळू म्हणाले. "त्याला सेकंदाला साठ चित्रांची सवय. हा गेम देतो पन्नास. दुकानांतला मॉनिटर उदार, हा नाहीं."

"मग?"

"गेमला साठ द्यायला शिकवायचें. त्याच्या पोटांत एक पूल आहे. इकडचा तोडायचा, तिकडचा जोडायचा."

त्यांनी गेम उघडून दाखवलं. पूल म्हणजे केसाएवढी तांब्याची रेघ. शेजारी तसल्याच दहा रेघा. एक चुकीची कापली गेली तर लहानपणचा तो गेम गेला, आणि चार वाजता तविलही. मी म्हटलं, "काका, मला नाही जमायचं. माझा हात आज कापतोय."

त्यांनी स्वतःचा हात माझ्यापुढं धरला. तो वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. "हा कापतो. तुझा भितो. भिणारा हात चालतो."

बहिणीनं टॉर्च धरला. स्वयंपाकघरातल्या प्लगवर आयर्न तापवलं. पातळ पात्यानं रेघ तोडली, श्वास रोखून पलीकडं थेंब टाकला. थेंब पसरला, चमकला आणि बसला. गेम बंद करून पुन्हा लावला.

चित्र आलं. आलं म्हणजे कसं सांगू? आकाशाच्या कडा कापून काढल्यासारख्या. झाडाचं पान न्‌ पान. बहीण "अम्मा!" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. आणि गेमची ती सुरुवातीची धून वाजायला लागली.

भाऊ वळला. चित्राकडं नाही, आवाजाकडं. कपाळाला आठ्या.

"हे वेगळं आहे," तो म्हणाला.

रायर म्हणाले, "तोच गेम. तीच कॅसेट."

"नाही. चाल वाढलीय." तो ऐकत राहिला, मान खाली घालून. बाजेच्या लाकडावर त्याची बोटं चालायला लागली. "लहानपणी ही अशी नव्हती. जिथं त-क-त-कि-ट बसायचं तिथं आता तकिट-तकिट बसतंय. पाचाच्या जागेत सहा." पुन्हा वाजवून बघितलं. "बरोबर सहा. थोडं जास्त नाही, थोडं कमी नाही. काय केलंत तुम्ही?"

मला आकडा कळायला जरा वेळ लागला. पन्नासाचे साठ. पाचाचे सहा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही आपसात बोललो ते मराठीत, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

रायर बाजेच्या कडेला बसले. त्यांना एवढं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तंबी, हा गेम आपल्याकडें आला तेव्हांपासून संथ चालत होता. इथल्या जुन्या टीव्हींना पन्नास लागत म्हणूनु तसा करूनु पाठवीत. आज साठ केले. मला हें कळायला यंत्र लागतें, कागद लागतो. तूं पडल्या पडल्या सांगितलेंस. आतां सांग, ताल कोणाचा गेला?"

त्याची बोटं लाकडावर चालूच होती, पाच, सहा, पाच, सहा. बहीण त्या बोटांकडं बघत होती आणि मी बहिणीकडं. उजवा हात होता तो.

मग त्यानं जॉयस्टिक मागितली. पहिल्यांदा खड्ड्यात पडला. दुसऱ्यांदाही. रायर म्हणाले, "हा उशीर तुझा."

"माहीत आहे," तो म्हणाला. "सहाची सवय नाही." आणि तिसऱ्यांदा पलीकडं गेला.

चार वाजता चुलतभाऊ भाड्याची गाडी घेऊन आला. त्याला कॉफी दिली. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत राहिला आणि चुलतभाऊ आत मांडी घालून बसला, "एकदा मला दे, एकदा मला दे" करत. तविलाचं कुणी नावच काढलं नाही. आम्ही निघालो तेव्हा बहिणीनं ते दारापासून उचलून आत नेलं. मी टोपणांची डबी उचलायला वाकले तर भाऊ म्हणाला, "अक्का, ती इथं द्या," आणि उशाशी ठेवली.

रायर एवढ्या वेळात टीव्हीचा रिमोट घेऊन उभे होते. मला वाटलं त्यांचे डोळे भरलेत. त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाले, "रंग किंचित जास्त आहे."

तो माणूस अजून मोठ्या लग्नात वाजवत नाही. उगीच गोड करून सांगायला नको. एक बोट अजून मागं राहतं. पण गावच्या देवळात सकाळचं वाजवतो, आणि बहीण सांगते की घरातल्या भांडणातसुद्धा ताल धरतो.

या गोष्टीचा बोलबाला झाला आणि मग वेगळीच गिऱ्हाइकं यायला लागली. हात दुखावलेले, म्हातारे, एक तर आठ वर्षांची मुलगी, जिला सगळे 'धांदरट' म्हणत. प्रत्येकाला वाटत होतं दोष आपलाच. दर वेळी दिवा बसवायचा, फोनवर चित्रण करायचं, हे रायरांना पटेना. "लोकांना त्यांचा उशीर त्यांच्या डोळ्यांनीं दिसला पाहिजे. आपण सांगूनु उपयोग नाहीं." मग त्यांनी एक पेटी आखली. पेटी टीव्हीला जोडायची, पडद्याला उजेड ओळखणारा एक डोळा चिकटवायचा, पेटीवरचं बटण दाबायचं, आणि टीव्ही किती मागं आहे त्याचा आकडा पेटीवरच उमटेल. चौदा कागद भरले. कापऱ्या हातानं ओढलेल्या रेघा, शेजारी पोथीतल्या मराठीत सूचना. 'हा जोड आधीं. हा मागाहूनु. घाई करशील तर पस्तावशील.'

बनवायच्या आधीच त्यांची मुलगी आली आणि त्यांना कोइम्बतूरला घेऊन गेली. एकट्यानं राहणं आता झेपणार नव्हतं. दुकानाची किल्ली माझ्या हातात देताना त्यांनी आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. म्हणाले, "काय दिसायला पाहिजे तें विचारायला विसरूं नको."

मी विसरत नाही. पण भीती अजून वाटते. नवं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की पहिल्यांदा वाटतं, याला कळणार, ही बाई नववीपर्यंत शिकलेली आहे. मग मी प्रश्न विचारते आणि ते बोलायला लागतात.

चौदातले नऊ कागद झाले आहेत. दहाव्यावर अडलेय. पडद्याला चिकटवायचे दोन डोळे माझ्या हातून जळाले, तिसरा मागवलाय. त्यांच्या आकड्यात एक चूकही सापडली आहे, ती मी दुरुस्त केली, आणि ते ऐकल्यावर किती चिडतील याची वाटच बघतेय. रायर फोनवर येत नाहीत आणि पत्राला उत्तर देत नाहीत, म्हणून इथं लिहून ठेवते म्हणजे मला मागं फिरता यायचं नाही: चौदावा कागद झाला की मी कोइम्बतूरच्या गाडीत बसणार, आणि ती पेटी दुसऱ्या कुणाबरोबर न पाठवता माझ्या हातानं त्यांच्या मांडीवर ठेवणार.